अंडं अडकलं की नुसतीच फुगून बसली?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी नागपुरात मनीषनगरला राहते. आमच्याकडे तीन वर्षांची कॉकटील, म्हणजे तुऱ्याचा छोटा पोपट आहे, चिकू नाव, एकटीच आहे. आम्ही तर तिला नरच समजत होतो, पण डिसेंबरात तिनं एक दिवसाआड करत तीन अंडी घातली. चौथ्याच्या वेळेला सकाळपासून पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसून राहिली, शेपटी सारखी वरखाली, दाणा नाही, पाणी नाही. दुकानवाले भाऊ म्हणाले एरंडेल लावा आणि पोट हलकं हलकं दाबा. एका दवाखान्यात फोन केला तर म्हणे आम्ही फक्त कुत्रे-मांजरी पाहतो. संध्याकाळी अंडं आपोआप पडलं, पण कवच नाहीच म्हणा ना, नुसती पिशवी. त्यानंतर दोन दिवस एक पाय ओढत चालली. आता पुन्हा कागद फाडून राहिली, सोफ्याखाली घुसून राहिली. नर नसताना अंडी घालतेच काऊन, आणि पुन्हा अडकलं तर करायचं काय, सांगा न.

उत्तर : ताई, पोट दाबलं नाही ना? तुमच्या पत्रात ते कुठे लिहिलं नाही, म्हणून आधी तेच विचारतो. दाबलं नसेल तर फार बरं केलं. आत अंडं फुटलं की कवचाचे तुकडे टोचतात, बलक पोटात सांडला तर तिथे दाह होतो, आणि मग आम्हालाही फारसं काही करता येत नाही. एरंडेलाचं म्हणाल तर अंडं अडकतं ते आत, वरून तेल लावून ते सुटत नाही, उलट पिसं तेलकट झाली की पक्षी गार पडतो आणि तेव्हा त्याला सगळ्यात जास्त गरज असते ती उबेचीच.

नराचं सांगतो. कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी देते न, तसंच हे, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. चिकूला कोणी सांगितलं की आता घरटं करायचा मोसम आहे? तुम्हीच. दिवाणखान्यात रात्री साडेअकरापर्यंत टीव्ही आणि ट्यूबलाइट, म्हणजे तिच्या हिशेबानं दिवस मोठा झाला, वाटीत दिवसभर दाणा भरलेला, लपायला सोफ्याखालची अंधारी जागा, आणि लाडात कोणीतरी पाठीवरून हात फिरवत असणार. पाठीवर हात फिरवणं तिच्यासाठी जोडीदाराचं काम आहे. डोक्यावर, गालावर खाजवा, पण मानेखाली नको.

आणि अंडं म्हणजे तिच्यासाठी लहान काम नाही. कॉकटील असते साधारण ९० ग्रॅमची आणि अंडं पाच-सहा ग्रॅमचं, म्हणजे साठ किलोच्या बाईला पावणेचार किलोचं बाळ, तेही एक दिवसाआड. कवचाचा कॅल्शियम ती स्वतःच्या हाडांतून काढते. तो संपत आला की कवच मऊ पडतं, आणि अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूलाही कॅल्शियमच लागतो, त्यामुळे तो थकून जातो. म्हणजे ते पिशवीसारखं चौथं अंडं ही सूचना होती. पाय ओढत होती तो मार लागून नाही, अंड्याचा दाब पायाकडे जाणाऱ्या नसांवर पडतो म्हणून. त्यात डिसेंबरातली आपल्याकडची थंडी, पारा दहाच्या खाली उतरला की गॅलरीतल्या पिंजऱ्यात हे जास्त होतं.

आता अंडं अडकलं हे ओळखायचं कसं. अंडं यायच्या एक-दोन दिवस आधी सकाळची शी मोठी आणि वासाची येणं, पाणी जास्त पिणं, कटल बोन (कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेस) कुरतडणं, हे नॉर्मल आहे, घाबरू नका. पण तळाशी बसली, पिसं फुगली, पाय फाकवून कुंथते, श्वासागणिक शेपटी हलते, शी बंद, तर तास मोजायचे, दिवस नाही. पक्षी आजार लपवतात, खाली येऊन बसला म्हणजे आधीच उशीर झालेला असतो. ‘सकाळपर्यंत बघू’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय न, आणि सकाळी खोक्यात गार पडलेला पक्षी घेऊन लोक येतात.

तोवर घरी एवढंच करा. छोटं खोकं किंवा कॅरियर, खाली टॉवेल, गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून एका बाजूला, म्हणजे नको वाटलं तर तिला सरकता येईल. आत तीस-बत्तीस डिग्री हवी. शेजारी गरम पाण्याचं भांडं किंवा गीझर चालवून वाफाळलेलं बाथरूम, दमट हवेनं बरं वाटतं. काही हीटरना आतून टेफलॉनसारखा लेप असतो, तो तापला की त्याचा धूर पक्ष्याला मारतो, तेव्हा हीटर नकोच. तोंडात सिरप ओतू नका, अशक्त पक्ष्याच्या फुप्फुसात जातं. आणि निघा. मागच्या हिवाळ्यात एक पोट्टा बुटाच्या खोक्यात कॉकटील घेऊन आला होता, बाटलीवर आजीचा लोकरी मोजा चढवलेला. आम्ही एक्स-रे काढला, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, सलाइन दिलं, उबेत ठेवलं, पाऊण तासात टॉवेलवर अंडं पडलं आणि पोट्टा माझ्याकडे न बघता अंड्याचाच फोटो काढत बसला. नेहमी एवढं सोपं नसतं. कधी अंडं सुटायला हार्मोनचं औषध लागतं, कधी सुईनं आतला बलक ओढून कवच बारीक करून काढावं लागतं, कधी ऑपरेशन. औषध कोणतं आणि कधी हे एक्स-रे बघूनच ठरतं, कारण अंड्याची वाट अडलेली असताना नुसत्या कळा वाढवल्या तर आतलंच फाटतं.

डॉक्टर आजच शोधून ठेवा, अडकल्यावर नाही. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, तिथे फोन करून पक्षी कधी बघतात ते विचारा, आणि तुमच्या भागातल्या दोघातिघांना विचारा, ‘पक्षी बघता का, रात्री बघता का’. तिथलंच ट्रान्झिट सेंटर मात्र वनखात्याचं, जखमी रानप्राणी-पक्ष्यांसाठी, चिकूला तिथे नेऊ नका.

आता पुन्हा कागद फाडून राहिली म्हणता, तर आजपासून संध्याकाळी सातला पिंजरा झाका, बारा-चौदा तास अंधार. सोफ्याखाली जाणं बंद, आरसा काढा. नुसती बाजरी आणि सूर्यफुलाच्या बिया दिल्या तर कॅल्शियम कुठून मिळणार? पिंजऱ्यात कटल बोन लावा, शेवग्याची पानं, मेथी द्या. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. कोवळं ऊन दाखवा, पण खिडकीच्या काचेतून नाही, काच उन्हातले व्हिटॅमिन डी बनवणारे किरण अडवते. चार-पाच अंडी येऊनही थांबली नाही तर एकदा दाखवाच, हार्मोन थांबवायचं इंजेक्शन असतं.

प्रश्न : आमच्या लव्हबर्डची अंडी मी फेकून देतो, ती परत घालते. हे किती दिवस चालणार? – एक वाचक, महाल

उत्तर : भाऊ, लव्हबर्ड म्हणता ते बहुतेक बजी, म्हणजे छोटे रंगीत पोपट असावेत, आपल्याकडे सगळ्यांना लव्हबर्डच म्हणतात. मादीची नाकावरची पट्टी तपकिरी झाली का बघा. फेकू नका, फेकलं की तिला वाटतं घरटं लुटलं आणि ती भरपाई करते. जोडी असेल आणि पिल्लं नको असतील तर अंडी उकडून, पूर्ण गार करून परत ठेवा, पेन्सिलीनं खूण करून. अठरा-वीस दिवस बसू द्या, कंटाळली की स्वतःच उठते. त्यानंतरच घरटं काढा.