दाताच्या गार्डवर ४,५०० घालावेत का?

कळव्याच्या एका ताईंनी विचारलंय: दहा वर्षांची मुलगी क्लबात कबड्डी खेळते, चढाईला तीच जाते. गेल्या महिन्यात पकडीत तिच्या मैत्रिणीचा पुढचा दात तुटला. डेंटिस्ट माप घेऊन माउथगार्ड बनवायचे ४,५०० सांगतात. दुकानात गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा ६०० ला मिळतो. एजंट वर्षाला ३,००० हप्त्याची दातांची पॉलिसी सुचवतोय. यजमान म्हणतात, त्यापेक्षा एसआयपी वाढवू.

ताई, गार्ड या आठवड्यातच घ्या. दहाव्या वर्षी वरचे पुढचे दात कायमचे असतात, गेले की परत येत नाहीत. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवायचा कृत्रिम दात, बसवायचा तर जबड्याची वाढ पूर्ण व्हावी लागते, म्हणजे साधारण अठरा वर्षं. तोवर काढता-घालता येणारा दात, तोही वाढीबरोबर बदलत राहायचा. या खर्चापुढे ६०० काय आणि ४,५०० काय!

तरी मी आत्ता ६०० वालाच घ्या म्हणेन. तिचे सुळे आणि मागच्या दाढा अजून यायच्या आहेत. मापाचा गार्ड वर्षभरात घट्ट होईल. पुढे तारा लावायच्या असतील तर तो वायाच. वर्षातून दोनदा बदललात तरी १,२०० होतात. फक्त एक परीक्षा घ्या: गार्ड घालून तिला पूर्ण दम "कबड्डी कबड्डी" म्हणता आलं पाहिजे. गार्ड सुटला किंवा शब्द अडखळले, तर ती तो खिशातच ठेवेल. मग मात्र बिनदिक्कत ४,५०० घाला. तयार मापाचे, दातांखाली दाबून धरावे लागणारे गार्ड कबड्डीला नकोतच.

पॉलिसी नको. घरच्या मेडिक्लेमचे कागद मात्र काढून बघा. बहुतेकांत अपघाताने दुखावलेल्या दाताचा खर्च रुग्णालयात दाखल झालं तरच मिळतो, आणि तुटलेला दात दवाखान्याच्या खुर्चीतच दुरुस्त होतो. तेच ३,००० महिना २५० करून बचत खात्यात वेगळे ठेवा. एसआयपीत नकोत, हे पैसे लागले तर त्याच संध्याकाळी लागतील, तेव्हा बाजार पडलेला असू शकतो.

क्लबच्या सरांनाही सांगून ठेवा: कायमचा दात मुळासकट निघाला तर मुळाला हात न लावता, दुधात बुडवून, अर्ध्या तासाच्या आत डेंटिस्टकडे न्यायचा. संध्याकाळी उशिरापर्यंत उघडा असणारा दवाखाना कुठला, ते आजच विचारून घ्या.