वाचकांचे प्रश्न : ट्रेलरच्या घोड्याला क्राऊन-पिनियन कोणता?

प्रश्न : होटगीकडून राखेचा बल्कर भरून पुण्याला नेतो, येताना गाडी रिकामी. महिन्यातून दोन-तीन खेपा बोर घाट उतरून मुंबईकडे. घोडा (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) सेकंडहँड घेतला आहे. मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगवरच्या पट्टीवर ३७/६ आहे. भरून एकूण वजन ४० टन. इंजिनचा टॉर्क ७०० न्यूटन-मीटर, १२०० ते १७०० आरपीएमला. पहिला गिअर ९.२, पाचवा १.४, सहावा १ ला १. टायर १०.००-२०. ताशी ६० ला इंजिन १९०० च्या वर ओरडतं आणि डिझेल पितं. मिस्त्री म्हणतात ४१/९ चा सेट टाका, ॲव्हरेज सुधारेल. टाकू का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ४१/९ टाकू नका. बदलायचाच असेल तर ३७/७ बघा.

क्राऊन-पिनियन म्हणजे मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी. छोटा पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो, आणि क्राऊन चाकांना. ३७/६ म्हणजे क्राऊनला ३७ दात आणि पिनियनला ६, भागाकार, म्हणजे रेशो, ६.१७. गिअरबॉक्सकडून पिनियनला फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे इतके फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. ३७/७ चा भागाकार ५.२९, ४१/९ चा ४.५६. आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त आणि वेग कमी. सेट मागवताना ‘मोठा रेशो’, ‘छोटा रेशो’ असं कधी बोलू नका. दुकानदार एक समजतो, तुम्ही दुसरं. दातच सांगा.

आता हिशेब. १०.००-२० चा लोडवरचा टायर एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातो. ताशी ६० किमी म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे ३१२ फेरे. त्याला क्राऊन-पिनियनच्या आकड्याने आणि चालू गिअरच्या आकड्याने गुणा. टॉपला, म्हणजे सहाव्या गिअरला, इंजिन ६.१७ वर १९३० च्या आसपास फिरतं, ५.२९ वर १६५०, ४.५६ वर १४२५. तुमच्या इंजिनचा जोर १७०० ला उतरू लागतो. म्हणजे सध्या तुम्ही दिवसभर जोराच्या पट्ट्याबाहेर चालवता, ही तक्रार खरी आहे. नुसता हा आकडा पाहिला तर १४२५ फार छान दिसतो, आणि मिस्त्री तिथेच फसले आहेत.

कारण ओढ. ४० टनांची गाडी सपाट डांबरी रस्त्यावर ताशी ६० ने चालवायला टायरचा आणि हवेचा विरोध मिळून साधारण ४०० किलोची ओढ लागते. पुढे प्रत्येक एक टक्का चढाला, म्हणजे १०० मीटरला एक मीटर उंचीला, आणखी ४०० किलो. तुमचं इंजिन पूर्ण टॉर्कवर टॉप गिअरमध्ये चाकाशी किती ओढ देतं? ६.१७ वर सुमारे ७७५ किलो, ५.२९ वर ६६५, ४.५६ वर ५७५. सपाटीचे ४०० वजा केले की ४.५६ कडे उरतात १७५ किलो, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा चढ नाही. भिगवण-पाटसचा रस्ता डोळ्यांना सपाट दिसतो, पण प्रत्येक उड्डाणपुलाला, प्रत्येक लांब हलक्या चढाला टॉप सुटेल. समोरून वारा असला तरी सुटेल. मग चालक पाचव्यात येणार. पाचवा १.४ गुणिले ४.५६ म्हणजे ६.३८. म्हणजे आज टॉपमध्ये जेवढं इंजिन ओरडतं त्याहून थोडं जास्तच, आणि वर पाचव्या गिअरच्या दातांचं घर्षण. पैसे घालून आहे तिथेच आलात.

५.२९ वर २६५ किलो उरतात, साधारण पाऊण टक्क्याच्या आतला चढ टॉपमध्येच निघतो आणि सपाटीला इंजिन आपल्या पट्ट्यात राहतं. तुमच्या बहुतेक किलोमीटरांना हेच लागू पडतं.

हे झालं चालण्याचं. उभी गाडी चढावर उचलणं वेगळं. क्लच सोडताना इंजिनचा पूर्ण टॉर्क मिळत नाही. ६५ टक्के धरा. पहिल्या गिअरमध्ये ४० टन ६.१७ वर १० टक्के चढावर उचलता येतात, ५.२९ वर साडेआठ टक्क्यांवर, ४.५६ वर सव्वासात टक्क्यांवर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संकेतानुसार महामार्गाचा चढ सपाट मुलखात सहसा १ ला ३० आणि डोंगरात १ ला २० धरतात, म्हणजे ५ टक्के. त्या मानाने ५.२९ ला ऐसपैस जागा आहे. कारखान्याच्या आतले रॅम्प आणि खाणीचे रस्ते हे नियम पाळत नाहीत. तिथे भरून जायचं असेल तर ६.१७ राहू द्या.

बोर घाटाच्या खेपांसाठी एक गोष्ट चालकाला आजच सांगा. क्राऊन-पिनियनचा आकडा उतरला की त्याच गिअरमध्ये उतारावर गाडी रोखण्याची इंजिनची ताकदही तेवढीच उतरते. जो उतार आजवर चौथ्यात उतरत होता तो आता तिसऱ्यात. गाडी उताराला लागायच्या आधी गिअर पाडायचा. मधे पाडायला गेलात आणि गिअर पडला नाही तर न्यूट्रलमध्ये ४० टन सुटतात.

ॲव्हरेजचं बोलायचं तर फेरे १४ टक्के कमी होतात, डिझेल १४ टक्के कमी होत नाही. ४० टन ओढायची ऊर्जा तीच लागते. वाचतं ते इंजिनचं घर्षण, पंखा, पंप यांचं. सेट मागवायच्या आधी एअर फिल्टर, टर्बोच्या होजची गळती, मागचे ब्रेक सोडल्यावरही धरून राहतात का ते आणि टायरची हवा बघा. ब्रेक ड्रमला हात जवळ नेताच चटका जाणवला तर तुमचं डिझेल तिथे जळतंय.

दोन्ही सेटमध्ये क्राऊनला ३७च दात आहेत म्हणून नुसता पिनियन बदलायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. क्राऊन आणि पिनियन जोडीने घासून एकमेकांना बसवलेले असतात आणि दोघांवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. क्रमांक जुळत नसेल तर तो सेट नाही, भंगार आहे.

आणि बदलल्यावर स्पीडोमीटर. वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असेल तर त्याला हाउसिंगमध्ये काय बदललं ते कळत नाही. ६.१७ चं ५.२९ केल्यावर काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ७० ने पळत असेल. स्पीड गव्हर्नर ८० ला बांधलेला असेल तर तो गाडीला ९३ पर्यंत जाऊ देईल. इलेक्ट्रॉनिक इंजिन असेल तर ईसीयूमध्ये (इंजिनच्या संगणकात) नवा रेशो कंपनीच्या स्कॅनरने भरून घ्या, नाहीतर स्पीडोमीटर नव्याने कॅलिब्रेट करा. हे बिलात धरूनच सेटची किंमत विचारा.

प्रश्न : हाउसिंगवरची पट्टी गेलेली आहे. न खोलता रेशो कसा काढायचा? – एक वाचक, बार्शी

उत्तर : गाडी सपाट पक्क्या जमिनीवर घ्या. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. मागची एकच बाजू जॅकने उचला आणि हाउसिंगखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा, जॅकच्या भरवशावर राहू नका. एअर ब्रेकच्या गाडीत हँडब्रेकची स्प्रिंग मागची चाकं धरून ठेवते, त्यामुळे टाकीत हवा भरून इंजिन बंद करा आणि हँडब्रेक सोडा. ठोकळे याआधी लागलेले हवेत. गिअर न्यूट्रल.

चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर खडूने खूण करा. आता उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. दोन का? दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असल्याने डिफरन्शियलमधून (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमधून) क्राऊन अर्धाच फिरतो. चाकाचे दोन, क्राऊनचा एक. शाफ्टचे सहाच्या जरा वर आले तर ३७/६, सव्वापाच-साडेपाचच्या मधे आले तर ३७/७ असण्याचा संभव. पण ५.८३ आणि ५.८६ दोन फेऱ्यांत ओळखू येत नाहीत. पहिला ३५/६, दुसरा ४१/७, आणि हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. म्हणून चाकाचे २० फेरे मोजा आणि शाफ्टच्या फेऱ्यांना १० ने भागा. शाफ्टचा अर्धवट फेराही मोजा. हब रिडक्शनच्या (चाकाच्या हबमध्ये आणखी गिअर असलेल्या) ॲक्सलला येणारा आकडा हबसकटचा असतो, क्राऊन-पिनियनचा नव्हे.

प्रश्न : उसाच्या ट्रकला ९.००-२० काढून १०.००-२० टायर घातले. तेव्हापासून फडातून निघताना गाडी बसते. क्राऊन-पिनियन बदलावा का? – एक वाचक, मोहोळ

उत्तर : टायर बदलून तुम्ही रेशो आधीच बदलला आहे. ९.०० चा टायर एका फेऱ्यात साधारण ३.०९ मीटर जातो, १०.०० चा ३.२०. तुमचा सेट ५.८६ चा असेल तर त्याची ओढ आता ५.६६ सारखी लागते. साडेतीन टक्क्यांचा फरक, आणि एवढ्याने गाडी बसत नाही. क्लच प्लेट घसरतेय का ते आधी बघा. फडातल्या ओल्या काळ्या मातीत तर रेशोचा संबंधच संपतो. मागच्या एका ॲक्सलवर ११.५ टन असले तरी चिखलात टायर जेवढं धरेल तेवढीच ओढ मिळते. मोठा आकडा टाकला तर चाक लवकर फिरकेल, इतकंच. फडाच्या कडेला पाचट टाकून रस्ता करा आणि ट्रॉली जोडत असाल तर तिला पक्क्या रस्त्यावर जोडा.

प्रश्न : जुना ४१/७ चा सेट बसवला. २०० किमीतच एक्सलेटर दाबला की हाउसिंग किंचाळतं, ऑइल तापतं. – एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : गाडी लोडवर पळवू नका. आवाज एक्सलेटर दाबताना येतो की सोडताना, हे बघा. दाबताना येणारा बहुतेकदा दातांच्या बसण्याचा असतो. दाबतानाही आणि सोडतानाही एकसारखी घरघर असेल तर पिनियनच्या बेअरिंगकडे वळा.

सेट उघडा. जोडक्रमांक जुळतो का ते आधी. मग क्राऊनच्या आठ-दहा दातांना निळा रंग पातळ लावा, क्राऊनला हाताने थोडा अडथळा देत पिनियन दोन्हीकडे फिरवा आणि रंग कुठे पुसला ते बघा. ठसा दाताच्या शेंड्याकडे असेल तर पिनियन बाहेर राहिला आहे, शिमने (पातळ पत्र्याच्या चकतीने) आत घ्या. बुडाकडे असेल तर बाहेर. ठसा दाताच्या आतल्या, म्हणजे क्राऊनच्या मध्याकडच्या टोकाला सरकला असेल तर बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) कमी पडलाय, क्राऊन दूर करा. बाहेरच्या टोकाला असेल तर जवळ. लोड नसताना हाताने फिरवताना ठसा दाताच्या मध्यापासून जरासा आत असावा, कारण लोड आला की तो बाहेर सरकतो. बरोबर मध्यावर आणून खूश होणारे फिटर इथेच चुकतात. बॅकलॅश डायल गेजने तीन-चार ठिकाणी घ्या. जड ट्रकला ०.२० ते ०.३० मिमीच्या आसपास असतो, पण तुमच्या हाउसिंगच्या मॅन्युअलचा आकडा अंतिम.

पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) स्प्रिंगच्या काट्याने मोजा. ‘हाताला घट्ट लागतं’ हे माप नाही. नट जास्त आवळला की बेअरिंग तापतं आणि ऑइल जळतं. तुमच्या ऑइल तापण्याचं हेही कारण असू शकतं.

ऑइलची बरणी वाचा. हायपॉइड दातांना (पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेपासून सरकवून बसवलेला असतो तो प्रकार) जीएल-५ प्रतीचं लागतं, ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४०, मॅन्युअल म्हणेल ते. गिअरबॉक्सचं जीएल-४ भरलं असेल तर दातांचे पृष्ठभाग खरडले गेले असण्याची शक्यता मोठी. लेव्हल प्लगच्या तोंडापर्यंत भरा, सपाट जागी. ऑइल काढल्यावर त्यात चमचमणारा चुरा किंवा लोखंडाचा तुकडा दिसला तर आवाजाची चर्चा बंद, सेट गेला.

सगळं बसवून झाल्यावर पहिले ५०० किमी अर्ध्या लोडवर आणि एका वेगात लांब न पळवता चालवा, आणि मग ऑइल बदला.

प्रश्न : सहा बाय चार (मागे दोन ओढणारे ॲक्सल असलेल्या) घोड्याचं फक्त मागचं हाउसिंग खराब झालंय. वेगळ्या रेशोचं मिळतंय, स्वस्त आहे. चालेल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. दोन्ही हाउसिंगचे रेशो तंतोतंत एकच हवेत. ५.८३ आणि ५.८६ ही जोडीसुद्धा नको. दोन ॲक्सलच्या मधलं डिफरन्शियल सतत फिरत राहतं आणि तापून जातं. लॉक लावलात तर फरक टायर घासून निघतो, नाहीतर शाफ्ट तुटून. दोन्ही ॲक्सलच्या टायरची उंचीही याच कारणाने सारखी ठेवायची. मागचे चार नवे आणि मधले चार झिजलेले, असं करू नका.

प्रश्न : रेशो बदलल्यावर आरटीओला कळवावं लागतं का? – एक वाचक, पंढरपूर

उत्तर : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. म्हणून तुमच्याच मॉडेलला कंपनीने दिलेल्या रेशोंपैकीच निवडा, सुटे भाग कंपनीचे घ्या, बिल आणि जोडक्रमांक फाईलला ठेवा, आणि काम करायच्या आधी एमएच १३ च्या, म्हणजे सोलापूर आरटीओच्या, कार्यालयात मोटार वाहन निरीक्षकांना विचारून घ्या. रेशो बदलला म्हणून आरसी बुकातलं एकूण वजन वाढत नाही. ४० टनांचा घोडा ६.१७ वरही ४० टनांचाच.