स्टेम सेलवर पोस्टडॉक करायला बॉस्टनला जाताय? आधी वेळेचा हिशोब करा

पुण्यात सिकल सेल आणि रक्ताच्या स्टेम सेलवर (ज्यांच्यापासून रक्ताच्या सगळ्या पेशी बनतात) पीएचडी संपत आलीय, बॉस्टनच्या एका लॅबने पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला बोलावलंय, नवरा आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर येणार, तर तयारी काय करू, असं तुम्ही विचारलंय. व्हिसाची फी, पगार, विमा हे सगळं विद्यापीठाच्या साइटवर सापडेल. ते सोडून बोलतो.

या विषयात माणूस बुडतो तो वेळेच्या हिशोबात. स्टेम सेल खरी की नाही हे शेवटी उंदरातच ठरतं. तुमच्या सीडी४५.२ पेशी आणि स्पर्धक सीडी४५.१ पेशी (कोणत्या कोणाच्या ते ओळखायच्या या खुणा) रेडिएशन दिलेल्या उंदराला टोचायच्या आणि १६ आठवडे थांबायचं. घाई करून आधी मोजलं तर प्रोजेनिटर, म्हणजे स्टेम सेलपासून बनलेल्या अल्पायुषी पेशीच मोजल्या जातात. मग त्या उंदराचा बोन मॅरो दुसऱ्या उंदरात, पुन्हा १६ आठवडे. प्राण्यांच्या कामाची मंजुरी आणि पैदास धरली की एका प्रश्नाला वर्ष सहज जातं. नेमणुकीचं पत्र मात्र बहुधा एकेका वर्षाचं. जे-१ व्हिसावर रिसर्च स्कॉलर म्हणून जास्तीत जास्त पाच वर्षं. एनआयएच या अमेरिकी सरकारी संस्थेची, पोस्टडॉकना स्वतःची लॅब उभारायला मदत करणारी के९९ ग्रँट परदेशी नागरिकालाही मिळते, पण अर्ज पोस्टडॉकच्या पहिल्या चार वर्षांत करावा लागतो. तिच्याच एफ३२ आणि टी३२ या प्रशिक्षणाच्या ग्रँट आपल्यासाठी नाहीत, त्यांच्या आशेवर राहू नका.

म्हणून पीआयला, म्हणजे लॅबच्या प्रमुखाला आत्ताच विचारा: उंदीर तयार असलेलं चालू काम मिळेल का? जोडीला मानवी सीडी३४ पेशींचं (स्टेम सेल ज्यांत असतात त्या) एक काम घ्या. एससीएफ, टीपीओ, फ्लिट-३ लिगंड ही वाढीची प्रथिनं घालून दोन दिवस ठेवायच्या, मग इलेक्ट्रोपोरेशनने (विजेच्या झटक्याने) क्रिस्परचं आरएनपी, म्हणजे जीन कापणारं हत्यार, आत घालायचं. आठवडाभर वाढवत बसलात तर संख्या फुगते आणि उंदरात रुजायची ताकद जाते. नवखा माणूस संख्येवरच खूश असतो. मेथोसेल्युलोजच्या जेलीत वाढवलेल्या कॉलनी (पेशींचे पुंजके) १४ दिवसांत मोजता येतात, पण त्या प्रोजेनिटरच्या असतात. तेवढ्यावर स्टेम सेलचा दावा केलात तर रिव्ह्यूअर सोडणार नाही.

कागदपत्रांत सगळ्यात चीड आणतं ते आपलं नाव. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यातच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, पेपरांवर माहेरचं आडनाव, आणि बँक, एचआर, पगारपत्रक यांचा प्रत्येकाचा वेगळाच अर्थ. डीएस-२०१९, म्हणजे जे-१ व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म, पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या आणि ऑर्किडवर (संशोधकाच्या कायमच्या ओळख क्रमांकावर) सगळे पेपर आत्ताच जोडून ठेवा. व्हिसाच्या मुलाखतीत ‘लेंटिव्हायरस’ (पेशीत जीन पोचवायला वापरतात तो विषाणू) ऐकून प्रकरण महिनोन्महिने तपासणीत अडकू शकतं, म्हणून कामाचं सोप्या इंग्रजीतलं एक पान जवळ असू द्या. जे-१ नंतर दोन वर्षं भारतात परतण्याच्या अटीबद्दल जुनी उत्तरं वाचून घाबरू नका. ही अट ज्या कौशल्य यादीवरून लागायची, तिच्यात डिसेंबर २०२४ पासून भारत नाही. अट लागते ती सरकारी पैशावर गेलात तर. बीसीजीमुळे टीबीची त्वचाचाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा आयजीआरए ही रक्ताची चाचणी मागा. नवऱ्याचा कामाचा परवाना तिथे पोचल्यावरच मागता येतो, त्यात काही महिने जातात. तेवढे महिने एका पगारात भागवायची तयारी ठेवा.

शाळेच्या फॉर्मवर ‘घरी कोणती भाषा?’ असा रकाना असतो. मराठी लिहिलं की मुलीची इंग्रजीची चाचणी आलीच. त्यात कमी पडली तर वेगळे तास. ते लेखी नाकारता येतात, वार्षिक चाचणी मात्र टळत नाही. कित्येक आईबाप सरळ ‘इंग्रजी’ लिहून मोकळे होतात. मला ते अजून खटकतं, आणि त्यांना नावं ठेवायलाही तोंड नाही. तरी मराठीच लिहा.

एकटेपणा? डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो. मराठी मंडळ आहे. निभावतं.

माझ्या मनात घोळतं ते वेगळंच. बीसीएल११ए हा जीन दाबला की गर्भातलं हिमोग्लोबिन, जे सिकल सेलचा त्रास कमी करतं, परत वाढतं, हे बॉस्टनमध्येच ऑर्किन यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं. २०२३ मध्ये त्यावर बेतलेली कॅसजेव्ही ही जीन थेरपी मंजूर झाली, अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. गडचिरोली-नंदुरबारच्या रुग्णाला हायड्रॉक्सियुरियाची (सिकल सेलवरचं जुनं औषध) गोळी नियमित मिळाली तरी पुष्कळ. मग आपण हे कोणासाठी करतो? मला याचं उत्तर देता येत नाही, म्हणून ‘जाच’ किंवा ‘जाऊ नका’ असं ठामपणे सांगत नाही.

परतायचं मनात असेल तर तिसऱ्या वर्षापासूनच रामलिंगस्वामी फेलोशिप आणि इंडिया अलायन्स (भारतात संशोधन करायला पैसे देणाऱ्या दोन योजना) यांचे नियम बघा. वेल्लोरच्या सीएमसीत जीन थेरपीचं काम उभं आहे, तिथल्या लोकांशी ओळख ठेवा. आणि निघताना कोणता प्रोजेक्ट, कोणते प्लाझ्मिड (प्रयोगासाठी बनवलेले डीएनएचे तुकडे) तुमच्याबरोबर येतील हे पीआयकडून ईमेलवर लिहून घ्या, तेही रुजू होण्याआधी. पेपर छापून आल्यावर तोंडी होकार कोणालाच आठवत नाही.