मॅरेथॉनच्या निमित्ताने वर्गणी मागताना

जानेवारीत मुंबईची हाफ धावताय, वस्तीतल्या मुलांना चित्रकला शिकवणाऱ्या संस्थेसाठी ५०,००० रुपये जमवायचेत, आणि "कला कसली, आधी पोटाचं बघा" म्हणणाऱ्यांना काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंय. धावण्याची फार चिंता करू नका. रविवारचे लाँग रन बुडवले नाहीत तर २१ किलोमीटर होतात, आणि पेडर रोडचा चढ चालत काढलात म्हणून कोणी देणगी परत मागत नाही. तयारी करायची ती मागण्याची.

"मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी" असलं काही लिहू नका, त्याने कोणाचा हात खिशात जात नाही. वर्गावर जा, ताईंना विचारा की नेमकं काय कमी पडतंय. मी ज्या वर्गासाठी धावतो तिथे उत्तर आलं, ब्रश. स्वस्तातल्या ब्रशचे केस गळून ओल्या रंगात चिकटतात, पोरं ते नखाने काढायला जातात आणि कागदाचा पापुद्रा निघतो. जाड ब्रश मोजकेच, त्यामुळे एकाचं आकाश रंगवून होईतो दुसरा ताटकळत बसतो. मी एवढंच लिहून पाठवलं. 'का' असं कोणी विचारलं नाही, 'किती' विचारलं.

पोटाचं काढणाऱ्यांना एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची आठवण करून द्या. कला संचालनालयाची इंटरमिजिएट पास झाली की दहावीला वाढीव गुण मिळतात. वस्तुचित्र, स्मरणचित्राचा सराव कागद-रंगांशिवाय होत नाही, आणि शाळेतला चित्रकलेचा तास गणिताचे सर कधी उचलतील याचा नेम नसतो!

ग्रुपवर मेसेज टाकून मोकळे होऊ नका. एकेकाला, नावानिशी लिहा, पगार झाल्या झाल्या. आधी स्वतःचे पैसे भरा, मग सढळ हाताच्या मामाला गाठा, कारण तुमच्या ऑनलाइन देणगीच्या पानावर पहिले आकडे जेवढे दिसतात त्याच्याच आसपास पुढचे लोक देतात. आणि हा आहेराचा व्यवहार आहे, तुम्ही कोणाच्या धावण्याला कधी दिलं नसेल तर आत्ताच द्यायला लागा. पान शर्यतीनंतरही चालू ठेवा. मेडलचा फोटो पाहून जाग येणारे बरेच असतात.

एन्ट्री फी, बूट हे आपल्या खिशातून. देणगी स्वतःच्या जीपेवर अजिबात घेऊ नका, थेट संस्थेकडे जाऊ द्या. या मॅरेथॉनचं देणगीचं काम युनायटेड वे मुंबई बघते. तुमची संस्था तिथे नोंदलेली आहे का ते आधी विचारा. संस्थेकडे ८०जीची मान्यता असेल तर देणाऱ्याला करात सवलत मिळते, पण जुन्या करप्रणालीतच, आणि २,००० रुपयांच्या वर रोख दिली तर नाही. संस्थेने फॉर्म १०बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र, द्यायला हवं, त्याचा पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल.

अमेरिकेतल्या चुलतभावाची देणगी चालेल का विचारलंत, तर पासपोर्ट बघा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणार असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. नागरिकत्व बदललं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यातच यावे लागतात. नोंदणी नसेल तर त्याला म्हणावं, धावायला ये, पैसे राहू देत.