केनियाला जाताना डासांसाठी ओडोमॉस पुरेल का?

पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन मसाई मारा आणि मोम्बासाला चाललाय, ओडोमॉस पुरेल का असं विचारलंय तुम्ही. नाही पुरणार. तिथला मलेरिया बहुतेक फॅल्सिपेरम नावाच्या जंतूचा, तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे डॉक्टरांकडून गोळ्या घेऊनच निघा. नैरोबी उंचावर आहे म्हणून तिथे धोका कमी, पण मोम्बासाच्या किनाऱ्यावर भरपूर.

आम्हाला डॉक्सिसायक्लिन दिली होती, निघायच्या आदल्या दिवसापासून ते परत आल्यावर ४ आठवडे, रोज एक. बाबांनी घरी आल्यावर आठवड्यात बंद केली, आता कुठे डास चावणारेत म्हणून. पंधराव्या दिवशी अशी हुडहुडी भरली की दोन रजया घालून पण पलंग हलत होता. जवळच्या डॉक्टरांनी व्हायरल समजून तापाची गोळी दिली, कारण आफ्रिकेतून आलोय हे आम्ही बोललोच नाही, तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं तेव्हा कळलं आणि तोवर आयसीयूची वेळ आली. म्हणून सांगतो, आल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर दवाखान्यात पहिलं वाक्य हेच बोला की केनियाला जाऊन आलोय, मलेरियाची टेस्ट करा, आणि ती त्याच दिवशी करा.

मलेरियाचा डास संध्याकाळ ते पहाट चावतो. कॅम्पवर शेकोटीभोवती सगळे चपला घालून बसतात आणि चावतो तो घोट्यांना, तर सॉक्स आणि फुल पँट घालाच. डीट म्हणजे अंगाला लावायचं डास पळवणारं औषध, ते २० टक्क्यांच्या वरचं घ्या, आधी सनस्क्रीन मग डीट, आणि घाम आला की परत लावा. मच्छरदाणी उजेडातच तपासा, भोकं असतील तर चिकटपट्टी लावा, कडा गादीखाली नीट खोचा. मोम्बासाला डेंगी पण होतो आणि तो डास दिवसा चावतो, म्हणून तिथे सकाळपासूनच डीट लावायचं.

आणि यलो फीवरची (पीतज्वराची) लस! सरकारमान्य सेंटरलाच मिळते, निदान १० दिवस आधी घ्यावी लागते, लसीचं कार्ड नसेल तर परत येताना भारतात ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. आईबाबा साठीच्या पुढचे असतील तर त्यांना ही लस द्यायची का हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा, अपॉइंटमेंट मात्र आजच घ्या.