लागून असलेली एक्स्चेंज घेताय? ३१ दिवसांवर विसंबू नका

प्रश्न : मिनेसोटातल्या आमच्या छोट्या टेलिफोन कंपनीच्या हद्दीला लागून असलेली दोन ग्रामीण एक्स्चेंज आम्ही एका मोठ्या प्राइस कॅप (दरांवर कमाल मर्यादा असलेल्या) कंपनीकडून घेत आहोत. एफसीसीची (अमेरिकेच्या दूरसंचार नियामक आयोगाची) परवानगी ३१ दिवसांत आपोआप मिळते असं कळल्यावरून करारात ताब्यासाठी ६० दिवस लिहिले आहेत. कंपनीत माझा थेट २५ टक्के हिस्सा आहे. ग्रीन कार्ड आहे, पासपोर्ट भारतीय. काही अडचण येईल का?

उत्तर : येईल, आणि पहिली अडचण ते ६० दिवसच आहेत. करारातली ठरावीक तारीख काढून 'शेवटची आवश्यक परवानगी मिळाल्यापासून अमुक दिवसांत ताबा' असं घाला. परवानगी नाकारली गेल्यास बयाणा परत मिळेल, हेही तिथेच लिहा.

३१ दिवस मोजतात ते एफसीसीने जाहीर सूचना काढल्यापासून, अर्ज टाकल्यापासून नव्हे. शिवाय ही झटपट वाट सरसकट नाही. अख्खी कंपनी ताब्यात येत असेल आणि दोन्ही बाजू जुन्या स्थानिक कंपन्या असतील, तर दोघींच्या मिळून लाइन्स देशातल्या एकूण लाइन्सच्या २ टक्क्यांहून कमी हव्यात आणि त्यांची क्षेत्रं एकमेकांना लागून नसावीत (एफसीसीचा नियम ६३.०३). तुमच्यासारखा नुसत्या स्थानिक एक्स्चेंजच्या मालमत्तेचा सौदा त्याच नियमाप्रमाणे झटपट वाटेला पात्र धरला जातो, पण एफसीसी तो त्या वाटेवरून काढूही शकते.  झटपट प्रक्रिया का मिळावी, याची कारणं अर्जातच द्यावी लागतात. ती नाकारली तर निर्णयासाठी १८० दिवसांची मुदत आहे, आणि विशेष परिस्थितीत तीही लांबते. कर्ज घेणार असाल तर बँकेला १८० सांगा.

खरी गाठ स्टडी एरियाची आहे. ग्रामीण सेवेचं अनुदान ज्या हद्दींवर मोजतात, त्या १५ नोव्हेंबर १९८४ पासून गोठवलेल्या आहेत. विकणाऱ्याच्या स्टडी एरियातून दोन एक्स्चेंज काढून तुमच्यात घालायची, तर एफसीसीकडून वेगळी सूट घ्यावी लागते. (अख्खी कंपनी तिच्या स्टडी एरियासकट घेतली असती, तर ही सूट लागली नसती.) हद्द बदलायला राज्य आयोगाची हरकत नाही, हे त्या अर्जात दाखवावं लागतं. म्हणून सुरुवात मिनेसोटाच्या पब्लिक युटिलिटीज कमिशनपासून करा. राज्याच्या कायद्यातल्या कलम २३७.२३ प्रमाणे त्यांची संमती लागतेच. त्याच वेळी नव्या क्षेत्रासाठी ईटीसी दर्जा (अनुदानाला पात्र कंपनी म्हणून मान्यता) आणि स्टडी एरियाबद्दलचं ना-हरकत पत्रही मागून घ्या. नुसती संमती घेऊन परतलात, तर अनुदानासाठी पुन्हा त्याच दारात उभं राहावं लागेल.

आपल्या सध्याच्या दराने नव्या लाइन्सचं अनुदान मांडून किंमत ठरवली असेल, तर ती पुन्हा काढा. रेट-ऑफ-रिटर्न कंपनीने (खर्चावर ठरावीक परतावा मिळणाऱ्या छोट्या कंपनीने) प्राइस कॅप कंपनीकडून एक्स्चेंज घेतली, तर त्या एक्स्चेंजना आधीचंच अनुदान आणि आधीच्याच जबाबदाऱ्या लागू राहतात (नियम ५४.९०२). ब्रॉडबँडचं किती ठिकाणचं, कोणत्या वेगाचं काम बाकी आहे आणि कधीपर्यंत करायचं आहे, याची यादी विकणाऱ्याकडून सहीनिशी घ्या. आधीच्या थकबाकीची भरपाई त्याने करावी, अशी अटही घाला.

आता तुमचा हिस्सा. १० टक्के किंवा जास्त मालकी असलेल्या प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि नागरिकत्व अर्जात द्यावं लागतं. इथे ग्रीन कार्ड चालत नाही. तुम्ही भारतीय नागरिक, असंच लिहा. सौद्यात कॉमन कॅरियर मायक्रोवेव्हचा (सार्वजनिक सेवेच्या रेडिओ लिंकचा) परवाना येत असेल, तर मोठी पंचाईत आहे. परवाना ज्या कंपनीच्या नावावर असेल, तिच्यात परदेशी व्यक्तीचा थेट हिस्सा २० टक्क्यांवर चालत नाही (कम्युनिकेशन्स अ‍ॅक्टचं कलम ३१०). वरच्या अमेरिकन होल्डिंग कंपनीतून हिस्सा असेल, तर मर्यादा २५ टक्क्यांची आहे. हे वाटप अर्जाआधीच बदला. सौद्याबरोबर आंतरराष्ट्रीय २१४ परवानगीही (परदेशी कॉलच्या सेवेसाठी लागणारी) हस्तांतरित होत असेल, तर परदेशी मालकीमुळे सुरक्षा तपासणी लागू शकते. तिचा पहिला टप्पाच १२० दिवसांचा असतो.

परवानगीची वाट पाहताना 'तोवर कारभार आम्ही बघतो' असा मॅनेजमेंट करार करू नका. दर, नोकरभरती आणि बँक खातं तुमच्या हाती आलं की ते विनापरवाना हस्तांतर ठरू शकतं, आणि दंड दोन्ही पक्षांना होतो.

ग्राहकांना बदलाच्या किमान ३० दिवस आधी पत्र जायला हवं: बदलाची तारीख, नवे दर, बदलासाठी पैसे लागणार नाहीत हे, दुसरी कंपनी निवडण्याचा हक्क, तक्रारीसाठी टोल-फ्री नंबर. तेवढ्याच मुदतीत एफसीसीलाही कळवायचं असतं. ९११ च्या (आपत्कालीन नंबरच्या) यादीतले पत्ते आणि नंबरांच्या कोडची मालकी ताब्याच्या दिवशीच बदलेल, अशी सोय विकणाऱ्याबरोबर आधी लेखी ठरवून ठेवा.