यान चालवणाऱ्या की यानातून जाणाऱ्या?

प्रश्न : 2 एप्रिल 2022 च्या रात्री आमच्या तालुक्यात लाडबोरी येथे आकाशातून धातूचे भलेमोठे कडे पडले, तेव्हापासून शाळेत अवकाशाविषयीचे प्रश्न थांबलेले नाहीत. परवा सातवीतील एका मुलीने विचारले, “मॅडम, स्पेस शटल बायका चालवत होत्या, का नुसत्या बसून जात होत्या?” मुले एका सुरात म्हणाली, “बसून.” मला नीट उत्तर देता आले नाही. कृपया खुलासा करावा.
– एक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : स्पेस शटल म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारे, विमानासारखे धावपट्टीवर उतरणारे नासाचे अवकाशयान. नुसते बसून जाणारे शटलमध्ये जवळपास कोणीच नसे. पुढच्या दोन आसनांपैकी डावे कमांडरचे आणि उजवे पायलटचे असे. बाकीच्यांकडे प्रयोग, उपग्रह आणि यंत्रणांची कामे असत व त्यांना मिशन स्पेशालिस्ट म्हणत. 1978 साली नासाने निवडलेल्या 35 जणांत प्रथमच सहा स्त्रिया होत्या आणि त्या सहाही जणी मिशन स्पेशालिस्ट होत्या. त्यांपैकी सॅली राइड जून 1983 मध्ये ‘चॅलेंजर’ या शटलमधून गेल्या आणि यानाच्या यांत्रिक हाताने त्यांनी एक उपग्रह अवकाशात सोडून पुन्हा पकडण्याचे काम केले. कॅथरीन सलिव्हन ऑक्टोबर 1984 मध्ये यानाबाहेर पडून काम करणाऱ्या पहिल्या अमेरिकी स्त्री ठरल्या.

तरीही आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे, कारण पुढची आसने स्त्रियांना बराच काळ मिळाली नाहीत. पायलट होण्यासाठी जेट विमान स्वतः वैमानिक म्हणून किमान 1000 तास उडवलेले असावे, अशी अट होती. इतके तास प्रामुख्याने लष्करी वैमानिकांकडेच असत, आणि अमेरिकी हवाई दलाने स्त्रियांना वैमानिकाचे प्रशिक्षण देणे 1976 साली सुरू केले. ही अट कागदावर सर्वांना सारखी होती. ती पूर्ण करण्याची वाट मात्र एकाच बाजूला खुली होती.

त्या वाटेने प्रथम पोहोचल्या आयलीन कॉलिन्स. फेब्रुवारी 1995 मध्ये त्या शटलच्या पहिल्या स्त्री पायलट झाल्या आणि जुलै 1999 मध्ये ‘कोलंबिया’च्या, म्हणजे कोणत्याही शटलच्या, पहिल्या स्त्री कमांडर. भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची ‘चंद्रा’ ही क्ष-किरण वेधशाळा त्याच उड्डाणात नेली होती. उड्डाणानंतर सुमारे पाच सेकंदांतच विजेच्या बिघाडाने दोन इंजिनांच्या प्रत्येकी दोन नियंत्रकांपैकी एकेक बंद पडला, पण उरलेल्या नियंत्रकांनी काम पुढे चालवले. परतताना शटल इंजिनाविना, निव्वळ तरंगत उतरे. धावपट्टी हुकली तर पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करता येत नसे. ते उतरवण्याची जबाबदारी कमांडरची असे.

कॉलिन्स यांचे खरे कसब मला 2005 च्या मोहिमेत दिसते. फेब्रुवारी 2003 मध्ये ‘कोलंबिया’ परतताना तुटले, त्यात कल्पना चावला आणि लॉरेल क्लार्क यांच्यासह सातही जण गेले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळून तिथे भोक पडले होते. लाडबोरीचे कडे ज्या वातावरणातून तापत खाली आले, तेच वातावरण परतणाऱ्या शटललाही पार करावे लागे, आणि त्या भोकातून प्रचंड तापलेला वायू पंखात शिरला. कल्पनाताई त्या मोहिमेत फ्लाइट इंजिनिअर, म्हणजे यान चालवताना कमांडर व पायलटला साहाय्य करणाऱ्या होत्या, त्यामुळे त्यांना “बसून गेलेल्या” म्हणणे अन्यायाचे होईल. या अपघातानंतरच्या पहिल्याच मोहिमेचे नेतृत्व कॉलिन्स यांनी केले. अवकाश स्थानकापासून सुमारे 180 मीटर खाली त्यांनी ‘डिस्कव्हरी’ला पूर्ण कोलांटी मारायला लावली, म्हणजे स्थानकातील अंतराळवीरांना यानाच्या पोटावरील उष्णतारोधक टाइल्सची छायाचित्रे घेता आली. ही कोलांटी शटलने त्यापूर्वी कधीच मारलेली नव्हती.

शटलची एकूण 135 उड्डाणे झाली. त्यांपैकी तीनच स्त्रियांच्या नेतृत्वाखाली होती : दोन कॉलिन्स यांची आणि 2007 मधील एक पामेला मेलरॉय यांचे.

फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या ‘गगनयान’साठी जाहीर झालेली चार नावेही हवाई दलातील अनुभवी वैमानिकांचीच आहेत आणि चौघेही पुरुष आहेत. आपल्या हवाई दलात लढाऊ विमानांच्या पहिल्या तीन स्त्री वैमानिक 2016 साली दाखल झाल्या, हे येथे लक्षात घ्यावे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत 2022 पासून मुलींना प्रवेश मिळतो. तेथून हवाई दलात जायचे तर बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेतलेले असावे लागते, एवढे त्या मुलीला आत्ताच सांगून ठेवावे.